शिलाई लाइनवरच्या बायकांना १ ते ५ गुण द्यायचेत. संशोधन काय सांगतं?

शिलाईलाइन:

नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत शाळेच्या युनिफॉर्मच्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे. माझ्याकडे दोन लाइन आहेत, एक शर्टाची आणि एक स्कर्ट-पँटची. मशीनवर जवळजवळ सगळ्या बायकाच. कटिंग आणि प्रेसला पुरुष.

मालकांचा मुलगा पुण्याहून शिकून आलाय. मुलगा चांगला आहे, कामगारांशी नीट बोलतो. त्यानं ठरवलंय की या दिवाळीपासून बोनसचा काही भाग कामगिरी बघून द्यायचा. छापील फॉर्मही दिलाय. गुणवत्ता, वेग, शिस्त, सहकार्य, पुढाकार, अ‍ॅटिट्यूड असे रकाने आणि प्रत्येक रकान्यात १ ते ५ गुण. शिवाय अट अशी की एका लाइनमध्ये ५ गुण मोजक्याच जणींना मिळणार आणि काही जणींना १ किंवा २ द्यावेच लागणार.

फॉर्म चार दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. कॉलर बसवणारी आणि बाजूची सरळ शिलाई मारणारी यांचा वेग एकाच मापानं कसा मोजू? एका ओव्हरलॉक मशीनचा बेल्ट सारखा उतरतो, तिथं जी बसेल तिचे पीस कमीच निघतात. मार्च ते जून आमचा सीझन. तेव्हा याच बायका रात्री उशिरापर्यंत थांबून शाळांच्या ऑर्डरी पुऱ्या करतात. फॉर्म मात्र आता भरायचाय आणि आता डोळ्यांपुढे काय आहे, तर गणपती-नवरात्रातल्या रजा. आणि शहराच्या पूर्व भागातून येणारी एक बाई आहे. घरी तेलुगु बोलते, मराठी जेमतेम, दिवसभरात चार शब्द बोलत नाही. तिच्या बंडलातून पीस अल्टरला, म्हणजे दुरुस्तीला, परत आलेला मी क्वचितच पाहिलाय. तिच्या 'पुढाकार' आणि 'अ‍ॅटिट्यूड'पुढे काय लिहू?

या विषयावर जगात अभ्यास झाले असतीलच. माहीतगारांनी सांगावं. सोमवारी मालकांपुढे बसायचंय, नुसतं 'मला पटत नाही' म्हणून चालणार नाही.

कार्मिक_काका:

ताई, पहिल्यांदा कायद्याचं. किमान ८.३३ टक्के बोनस हा कामगारांचा हक्क आहे. चोरी, मारामारी, मुद्दाम नासधूस अशी ठरावीक कारणं सोडली तर तो अडवता येत नाही, आणि 'अ‍ॅटिट्यूड २' हे त्यातलं कारण नाही. गुणांचा जो काही हिशोब करायचा तो त्याच्या वरच्या रकमेवर करा. सोमवारी बोलायला सुरुवात इथूनच करा.

आता गुणांकडे येतो. सोलापुरातच कापडधंद्यात कार्मिक खात्यात माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर या विषयावरचं जे मिळेल ते वाचत असतो, कारण असे फॉर्म भरून घेण्यातच माझी बरीच वर्षं गेली आणि त्यावर माणसांच्या पगारवाढी ठरल्या.

तुमच्या सहा रकान्यांविषयी शंभर वर्षांपूर्वीच लिहून झालंय. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्ये लष्करातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य हे सगळं वेगवेगळं मोजायला सांगितलं होतं. पण आकडे एकमेकांना इतके चिकटून आले की तसं खरोखर असणं शक्यच नव्हतं. म्हणजे माणूस एकूण आवडला की सगळीकडे वर, नाही आवडला की सगळीकडे खाली. याला हेलो इफेक्ट म्हणतात. तुमच्या फॉर्ममध्ये सहा रकाने असले तरी भरताना एकच मत सहा वेळा लिहिलं जाण्याची भीती मोठी आहे.

दुसरा अभ्यास २००० सालचा, स्कलन, माउंट आणि गॉफ यांचा. मालकांच्या मुलाला हा जरूर सांगा. काही हजार मॅनेजरांना प्रत्येकी दोन वरिष्ठ, दोन बरोबरीचे आणि दोन हाताखालचे अशा सगळ्यांनी गुण दिलेले होते. त्या गुणांतला फरक कुठून आला, हे त्यांनी वेगळं काढून पाहिलं. निम्म्याहून जास्त फरक गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयीतून आलेला निघाला. कुणाचा हात सैल, कुणाचा आखडता, कुणाला वक्तशीरपणाचं कौतुक, कुणाला गोड बोलण्याचं. ज्याला गुण दिले त्याच्या कामाचा वाटा त्याहून बराच कमी. तेव्हा तुमच्या बायकांना तुम्ही गुण दिलेत आणि त्याच बायकांना कटिंग मास्तरांनी दिले, तर दोन याद्या येतील, आणि त्या याद्यांवरून बायकांपेक्षा तुमची आणि मास्तरांचीच ओळख जास्त होईल. असा आकडा बोनसच्या कागदावर जाऊन बसणार, माझी हरकत त्याला आहे.

'काही जणींना १ किंवा २ द्याच' ही तर मला सगळ्यांत घातक अट वाटते. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत जॅक वेल्श प्रमुख असताना ती गाजली. वरचे २० टक्के, मधले ७०, खालचे १०. पुष्कळांनी उचलली. मायक्रोसॉफ्टमध्येही वर्षानुवर्षं तसलीच पद्धत होती, ती त्यांनी २०१३ मध्ये बंद केली. कारण साधं आहे. शेजारच्या मशीनवरचीला मदत केली तर ती माझ्या वर जाणार असेल, तर मी मदत कशाला करू? आणि लाइनवर मदतीवाचून शर्ट पुढे सरकतो का? कॉलरवाली अडली की कफवाली हात बांधून बसते. शिवाय जिला खरोखर जमत नाही ती तुमच्या जूनच्या घाईत टिकलीच नसती. टिकलेल्यांतून खालच्या चौघी शोधा म्हणजे नसलेला फरक तयार करा.

उन्हाळ्याचंही बघा. ई. सोमनाथन आणि सहकाऱ्यांचा २०२१ मध्ये छापून आलेला अभ्यास आपल्याच देशातला आहे. सुरतच्या विणकरांपासून पोलादाच्या कारखान्यापर्यंत रोजचं उत्पादन आणि रोजचं तापमान त्यांनी शेजारी शेजारी मांडलं. उष्ण दिवशी उत्पादन घटतं आणि गैरहजेरीही वाढते, असं निघालं. तुमचा सीझन नेमका एप्रिल-मेमध्ये आणि सोलापूरचा पारा तुम्हाला मी काय सांगू. पत्र्याखाली, प्रेसच्या वाफेजवळ बसणारी आणि खिडकीशी बसणारी यांच्या पीसांतला फरक हा बायकांमधला फरक नव्हे. बेल्ट उतरणारं ओव्हरलॉक हे त्याचंच दुसरं उदाहरण. गुणवत्तेचे अमेरिकन तज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग हेच सांगत राहिले की जो दोष व्यवस्थेचा तो माणसाच्या नावावर टाकू नका. वार्षिक मूल्यमापनाला त्यांनी कंपन्यांच्या जीवघेण्या रोगांत गणलं होतं.

मी डेमिंग यांच्याइतक्या टोकाला जात नाही. कामाची दखल घेतलीच पाहिजे, चांगलं काम करणाऱ्याला ते कळलंच पाहिजे. पण आकड्याच्या मागे तारीख घातलेली नोंद हवी. एक साधी वही करा, प्रत्येकीला एक पान. जे घडलं तेवढंच लिहायचं. 'अमुक शाळेच्या ऑर्डरीत कॉलरचं माप चुकीचं कापलंय हे हिनं पहिल्या बंडलातच दाखवलं.' 'सलग तीन बंडलांत बाही उलटी लागली.' स्वभावावर शेरा नाही. जॉन फ्लॅनागन यांनी १९५४ मध्ये ही रीत मांडली, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकांवरच्या कामातून ती आली. वहीमुळे मार्च-जूनमधलं काम ऑक्टोबरमध्ये विसरलं जात नाही, हा तुमच्या बाबतीत सगळ्यांत मोठा फायदा. यंदाची दिवाळी तोंडावर आली, वही आता भरून होणार नाही. म्हणून यंदा जास्तीची रक्कम सगळ्यांना सारखी द्या आणि पाडव्यापासून वही सुरू करा, असं मी मालकांना सुचवलं असतं.

टॉवेल_कारखानदार:

काकांचं वाचलं, पण मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. माझा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माझ्याकडे फॉर्म नाही, गुण नाहीत. जितका माल तितकी मजुरी. लूमवर किती निघाला ते दिसतं, फोल्डिंगला खराब माल बाजूला निघतो, हिशोब संपला. कुणाशी भांडण नाही, कुणाची मर्जी नाही. ताईंच्या मालकांनी पीस रेट लावावा, सुपरवायझरच्या डोक्याला ताप कशाला?

आणि सगळ्यांना सारखं द्या हे मला पटत नाही. जी मान मोडून काम करते तिला आणि जी सारखी पाणी प्यायला उठते तिला एकच पाकीट दिलं, तर पुढच्या वर्षी पहिलीही उठायला लागेल. मालक म्हणून मी हे रोज बघतो.

कार्मिक_काका:

कारखानदार साहेब, तुमचा मुद्दा खरा आहे आणि त्याला पुरावाही आहे. अमेरिकेत गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या सेफलाइट कंपनीनं तासाच्या पगारावरून नगावर मजुरी सुरू केली. एडवर्ड लझीर यांनी २००० मध्ये ते आकडे छापले. दर माणशी काम ४४ टक्क्यांनी वाढलं. त्यातला साधारण निम्मा भाग तीच माणसं जास्त काम करू लागल्यामुळे, उरलेला मुख्यतः चांगली माणसं येऊन टिकल्यामुळे. पण तिथं दोन गोष्टी होत्या. कमी काम झालं तरी ठरावीक मजुरीची हमी होती. आणि एक काच एकच माणूस बसवतो, त्यामुळे कुणाचं काम किती यात वादच नाही.

शर्ट दहा-बारा हातांतून जातो. मागून बंडलच आलं नाही तर कफवाली काय शिवणार? पीस रेट लावला तर सोप्या ऑपरेशनसाठी भांडणं होतील आणि काज-बटणाला कुणी बसणार नाही. तुमच्या लूमवर जे चालतं ते शिलाईच्या लाइनवर जसंच्या तसं बसत नाही. लूमवरसुद्धा सूत खराब आलं आणि ताणा सारखा तुटला तर मजुरी विणकराचीच जाते, हे तुम्हीही जाणता.

'सगळ्यांना सारखं' मी फक्त या वर्षापुरतं म्हणालो. फरक करूच नये, असं माझं मत नाही. फरकाचं कारण सगळ्यांना दिसलं पाहिजे, असं आहे. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी ओडिशात केलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. हातानं वस्तू बनवणारे मजूर, तिघांतिघांच्या टोळ्या. काही टोळ्यांत तिघांना सारखी मजुरी, काहींत थोडी कमी-जास्त. जिथं फरक केला तिथं कमी मजुरीवाल्याचं काम घसरलं आणि तो कामावर यायचाही कमी झाला. रोजंदारी बुडवून घरी राहणं त्यानं पत्करलं, साहेब, गरीब माणसानं! टोळीतला एकोपाही बिघडला. पण कोण किती काम करतं हे जिथं सगळ्यांना सहज दिसत होतं, तिथं मजुरीतल्या फरकानं कुणी दुखावलं नाही.

तुमच्याकडे भांडण होत नाही त्याचं कारण मला हेच वाटतं. तुमचा माल सगळ्यांसमोर मोजला जातो. ताईंच्या फॉर्ममधला 'अ‍ॅटिट्यूड ३' कुणाला दिसतो?

टॉवेल_कारखानदार:

हे पटलं. माझ्याकडे महिन्याचा माल भिंतीवर लिहिलेला असतो, प्रत्येकाच्या नावापुढे. कुणी विचारायला येत नाही.

वॉर्ड_इनचार्ज:

मी सोलापुरातच एका खासगी रुग्णालयात वॉर्डची इनचार्ज सिस्टर आहे. शिलाईतलं मला कळत नाही, पण गुणांचा फॉर्म मीही भरते, म्हणून लिहिते.

आमच्या फॉर्मवर नुसते आकडे नाहीत, आकड्यापुढे वाक्य आहे. 'रुग्णाची काळजी' याच्या ५ पुढे साधारण असं की, पेशंटनं बेल वाजवण्याआधीच सलाइन संपत आल्याचं हिच्या लक्षात येतं. ३ पुढे, बेल वाजल्यावर लगेच जाते. १ पुढे, दुसऱ्यांदा सांगावं लागतं. मी फक्त बघते की माझ्या वॉर्डातली सिस्टर कुठल्या वाक्यात बसते. ती आवडते की नाही हा प्रश्न मागे पडतो.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं की ही पद्धत परिचारिकांच्याच कामातून निघाली. पॅट्रिशिया स्मिथ आणि लॉर्न केंडल यांनी १९६३ मध्ये हेड नर्सकडूनच अशी उदाहरणं लिहून घेतली. मग ती मिसळून दुसऱ्या हेड नर्सना दिली आणि विचारलं, हे वाक्य कुठल्या गुणविशेषाचं? ज्यावर एकमत झालं तीच ठेवली, बाकीची काढून टाकली. मला यातलं सगळ्यांत आवडलेलं म्हणजे वाक्यं काम करणाऱ्यांच्या तोंडची आहेत, ऑफिसातल्या साहेबांची नाहीत. ताई, तुमच्या जुन्या बायकांना विचारा, चांगली कॉलर म्हणजे काय. त्या अशी वाक्यं देतील की मालक बघत राहतील.

कार्मिक_काका:

सिस्टर, फार मोलाचं सांगितलंत. नुसत्या वाक्यांनी गुण अचूक होतात असं मात्र पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही. १९८० मध्ये फ्रँक लँडी आणि जेम्स फार यांनी तोवरचं सगळं संशोधन चाळून, फॉर्म बदलत बसण्यानं फारसं हाती लागत नाही, गुण देणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते पाहा, असं बजावलं. गुण देणाऱ्यांनी एकत्र बसून 'आपल्याकडे चांगलं काम म्हणजे नेमकं काय' हे उदाहरणांवरून ठरवून घेतलं की मात्र फरक पडतो, असं प्रशिक्षणावरच्या अभ्यासांत दिसलंय. तुमच्या हेड नर्स वाक्यं लिहायला बसल्या तेव्हा हेच घडलं असणार. म्हणून ताई, तुम्ही, कटिंग मास्तर आणि चेकर तिघांनी एक दुपार काढून बसा. तयार वाक्यं नेटवरून उचलू नका.

शिलाईलाइन:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, अजून दोन विचारते. गुण दिल्यावर प्रत्येकीला केबिनमध्ये बोलावून तिच्या चुका सांगायच्या आणि तिथंच बोनसचं पाकीट द्यायचं, असं ठरलंय. हे बरोबर आहे का? आणि माझ्या तेलुगु बोलणाऱ्या बाईचं काय करू?

कार्मिक_काका:

पाकीट आणि चुका एका बैठकीत नकोत. १९६० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्येच यावर अभ्यास झाला, हर्बर्ट मेयर आणि सहकाऱ्यांनी तो १९६५ मध्ये छापला. पगाराची आणि सुधारणेची गोष्ट एकत्र काढली की माणूस बचावात जातो. जितकी टीका जास्त तितकी पुढची सुधारणा कमी, असं त्यांना आढळलं. नुसत्या कौतुकानंही फार काही हललं नाही. हललं ते दोघांनी मिळून एखादं नेमकं उद्दिष्ट ठरवलं तेव्हा. पुढे १९९६ मध्ये क्लुगर आणि डेनिसी यांनी कामाबद्दल माणसाला सांगण्याचे शेकडो निष्कर्ष एकत्र केले. सरासरीनं कामगिरी सुधारते, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ती उलट खालावली. बोलणं कामावरून घसरून माणसावर गेलं की घात होतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा 'तू निष्काळजी आहेस' नको. 'खिशाची टोकं सुटतात, तिथं उलटा टाका घे, पंधरा दिवसांनी बघू' एवढंच. तेही मशीनजवळ, त्याच आठवड्यात. दिवाळीपर्यंत साठवून ठेवू नका.

पाकीट देण्याआधी प्रत्येकीला तिची बाजू सांगू द्या आणि गुण पटले नाहीत तर कुणाकडे जायचं तेही ठरवा. जेरल्ड ग्रीनबर्ग यांनी १९८६ मध्ये मॅनेजर लोकांना, मूल्यमापन न्याय्य कशानं वाटतं, असं विचारलं तेव्हा हीच उत्तरं वर आली. आधी आमचं ऐकलं का, आम्हाला हरकत घेता येते का, आणि गुण देणाऱ्याला आमचं काम माहीत आहे का.

तुमच्या त्या बाईंच्या कामावर बोलायला अल्टरचा रजिस्टर पुरेसा आहे. जे दोन रकाने तुम्ही तिच्यासाठी भरू शकत नाही ते तिच्यापुरते सोडू नका, सगळ्यांच्याच फॉर्ममधून काढा. आपल्यासारख्याला माणूस नकळत झुकतं माप देतो, ही शंका संशोधकांना जुनीच आहे. अमेरिकेत गोरे-काळे यांच्या संदर्भात १९८५ मध्ये क्रेगर आणि फोर्ड यांनी तसं मांडलं, पुढे त्यावर वादही झाला. पण ज्या गावात एका गल्लीत मराठी, तेलुगु, कन्नड आणि उर्दू ऐकू येते, तिथं 'मोकळेपणानं बोलते' यावर पैसे ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

अशोकचौक_पोरगा:

ताई, आमच्या घरी तेलुगुच. आई बऱ्याच वर्षांपासून शिलाईला जाते. लई चांगलं शिवते, पण सुपरवायझरपुढं तोंडातून शब्द निघत नाही, मराठी चुकंल म्हणून. घरी आली की कुठलं मशीन कसं चालतं, कुणाची शिलाई का उसवते, सगळं सांगते. तुमच्या त्या बाईंना लाइनमधल्याच एखाद्या तेलुगु येणाऱ्या बाईला सोबत घेऊन विचारा. त्यांच्याकडं सांगायला पुष्कळ असंल.

शिलाईलाइन:

दादा, उद्याच विचारते.

आज जेवणाच्या सुट्टीत कॉलरवर बसणाऱ्या जुन्या बायकांना बसवून सिस्टरांनी सांगितलेली वाक्यं काढली. इथं टाकते, चुकत असेल तर सांगा.

५: दोन्ही टोकं मापात सारखी येतात. कापडात किंवा कटिंगमध्ये दोष असेल तर शिवायच्या आधी बंडल बाजूला काढून दाखवते.
३: टोकं सारखी येतात. दोष चेकरनं दाखवल्यावर लगेच दुरुस्त करते.
१: तोच दोष दुसऱ्या दिवशीही परत येतो. कामात मन नसतं.

वॉर्ड_इनचार्ज:

पहिली दोन उत्तम. १ मधलं 'कामात मन नसतं' काढा, ते तुम्हाला दिसत नाही. 'तोच दोष दुसऱ्या दिवशीही परत येतो' एवढं बास. आणि तिथं एक अट घाला, मशीन दुरुस्त असताना. नाहीतर तुमच्या त्या ओव्हरलॉकवरची बाई दर वेळी १ मध्ये जाईल.

शिलाईलाइन:

घातली. बेल्टची मागणीही याच कागदासोबत सोमवारी मालकांकडे देते.